दुमडलेल्या कानाची मांजर: खोबरेल की इअर क्लीनर?

रत्नागिरीच्या मावसबहिणीकडे स्कॉटिश फोल्ड, म्हणजे दुमडलेल्या कानांच्या जातीची मांजर आहे. कान साफ करायला घाण्यावरचं खोबरेल बरं की इअर क्लीनर, यावर तिचं काही ठरेना.

खर्चात खोबरेलच जिंकतं, ते घरात असतंच. क्लीनरची बाटली महाग वाटते, पण एका मांजराला बरीच पुरते. उघडल्यावरची मुदत तेवढी बघा.

खरा फरक दमटपणात पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे डब्यातला पापडही सादळतो, मग कानाच्या घडीखाली वारा कुठून लागणार? तेल आत गेलं की सुकत नाही, मळ धरून बसतं. मांजरांसाठीचं पातळ क्लीनर मळ सैल करतं. ते कानात घालून कानाचं मूळ हलकेच चोळलं की मांजर डोकं झटकते, वर आलेला मळ कापसाने टिपायचा. काडी आत घालायची नाही.

मेहनत दोन्हींत सारखीच: एकाने टॉवेलात धरायची, दुसऱ्याने पुसायचं. तेलाचे उशीला डाग पडतात ते वेगळंच. धरताना शेपूट मात्र ओढू नका. कान दुमडणारा जनुकीय दोष अंगातल्या सगळ्या कूर्चेत (कानात, सांध्यांत असतं त्या मऊ, लवचिक हाडात) असतो, त्यामुळे या जातीचे सांधे आणि शेपूट दुखरी असू शकतात.

घडीच्या बाहेरची कोरडी कातडी पुसायला खोबरेलाचा एखादा थेंब चालेल. आतून मळ साठत असेल, तर क्लीनरच घ्या. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ, दुर्गंधी किंवा सतत खाजवणं दिसलं, तर दोन्ही ठेवून द्या आणि आधी पशुवैद्याला कान दाखवा.