कॉम्प्युटर हँग होता, आणि तो म्हणत होता "सफाई चालू आहे"

आधीच सांगते, मला अडाणी समजू नका. बावीस वर्षं मी लोकांचे हिशेब लिहितेय. आठ व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न माझ्या हातून जातात. समोर आलेलं बिल खरं की बनावट हे ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरी ₹१८,१९८ घालवून बसले. घरच्यांना पहिला आठवडाभर सांगितलंसुद्धा नाही. आता लिहितेय ते माझ्यासारख्या दुसऱ्या शहाण्या माणसाचे पैसे वाचावेत म्हणून.

माझा डेस्कटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. गेले दोन-तीन महिने तो मधूनच हँग व्हायचा. माउस जागच्या जागी थिजायचा, कॅबिनेटवरचा लाल दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला राहायचा, आतून बारीक टकटक यायची. पाच मिनिटांनी कधी आपोआप सुटायचा, कधी बटण दाबून बंद करावा लागायचा. ज्यांना कळतं त्यांना एवढ्या वर्णनावरूनच कळलं असेल. मला कळलं नाही. त्या दिवशी १८ तारीख होती, ३-बी (जीएसटीचं दरमहाचं रिटर्न) भरायची शेवटची तारीख २०, आणि पाच जणांचं काम बाकी. अशा वेळी माणूस काय करतो? सर्चमध्ये "कॉम्प्युटर हँग हेल्पलाइन" टाकलं आणि सर्वांत वर जो नंबर आला तो फिरवला. त्या ओळीवर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही. तुम्ही वाचत जा.

पुढचं नाटक तुम्हाला माहीत असेलच. गोड बोलणारा मुलगा, मायक्रोसॉफ्टचे अधिकृत भागीदार, रिमोट ॲप (आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं) टाका, त्यातला नऊ आकडी नंबर सांगा. म्हणाला, "मॅडम, विंडोज १० का सपोर्ट बंद हो गया है, इसलिए हॅकर घुस गए." सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला खरंच बंद झालाय, आणि माझं मशीन विंडोज ११ घेत नाही हेही खरं. खोट्याला अशी एक खरी पाचर मारली की ते हलत नाही. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून १,२१४ लाल-पिवळ्या नोंदी दाखवल्या. कोणाच्याही धडधाकट मशीनवर असा ढीग सापडतो, विंडोज प्रत्येक शिंक लिहून ठेवतं. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा, चालवून "फॉरेन ॲड्रेस" या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणजे म्हणे परदेशातून लोक आत शिरलेत. अहो, त्या फॉरेनचा अर्थ फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता. तुम्ही बातम्यांचं एक पान उघडलं तरी तिथे दहा ओळी येतात.

आता यातलं सगळ्यात झोंबणारं ऐका. त्या १,२१४ नोंदींत खरं कारण लिहिलेलं होतं. सोर्स "डिस्क", क्रमांक ७, बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला तुकडा. एकदा नाही, ओळीने कित्येकदा. त्याने माझ्या डोळ्यांदेखत त्या नोंदींवरून स्क्रीन भरभर खाली सरकवली.

तपासणीचे ₹४९९. यूपीआयने दिले. मग तीन वर्षांचा प्लॅन, ₹४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹५,८९९. जीएसटी लावला म्हणून माझा विश्वास उलट वाढला. हसा, खुशाल हसा.

मग स्कॅन सुरू झाला. हिरवी पट्टी, फायलींची नावं पळतायत. आणि मशीनने नेहमीचं केलं, हँग झालं. माउस थिजला, लाल दिवा पेटून राहिला, टकटक सुरू. कोपऱ्यातलं घड्याळ ८:४७ वर थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजत आले होते. मशीन मेल्यासारखं पडलं होतं आणि फोनवर तो मला सांगत होता, "बासष्ट परसेंट हो गया मॅडम, ट्रोजन डिलीट हो रहे हैं, टच मत कीजिए." मी विचारलं, "पण स्क्रीन तर हललीच नाहीये." तो म्हणाला, "आपके यहाँ नहीं दिखेगा, सर्वर पे चल रहा है."

या क्षणाशी मी रोज रात्री जाऊन बसते. गोठलेल्या मशीनवर दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस काहीही करू शकत नाही. त्यालाही तीच गोठलेली स्क्रीन दिसते, नाहीतर कनेक्शन तुटल्याचा निरोप. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. माझ्या मनात शंका आली, मी ती बोलूनसुद्धा दाखवली, आणि "सर्व्हर" हा एक शब्द ऐकून गप्प बसले. कारण गप्प बसले नसते तर कबूल करावं लागलं असतं की आधीचे पैसे पाण्यात गेले. तोवर फक्त ₹६,३९८ गेले होते. फोन ठेवला असता तर तेवढ्यावर भागलं असतं. त्याऐवजी अर्ध्या तासाने मी "फायरवॉल लायसन्स"चे ₹११,८०० भरले. दहा हजार अधिक अठरा टक्के. बरोबर हिशेब, चुकीची बाई.

माझ्या बाजूने एवढंच म्हणते की दुसऱ्या दिवशी मशीन खरंच जरा बरं चाललं. सुरू होताना आपोआप उघडणारे दहा-बारा प्रोग्रॅम त्याने बंद केले होते, तेवढाच तो फरक. रिटर्न भरून झाले. बिल मेलवर आलं, मी ते फोल्डरमध्ये टाकलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: दोन आकडे राज्याचे, दहा अक्षरं पॅनची, मग तीन. त्या बिलावर चौदाच होती. दुसऱ्याचं बिल असतं तर मी एका नजरेत परत पाठवलं असतं.

नऊ दिवसांनी परत फोन. कंपनी ही सेवा बंद करतेय, तुमचा रिफंड द्यायचाय. लालूच नाही हो, मला वाटलं अखेर काहीतरी सचोटीचं घडतंय. पुन्हा रिमोट, नेट बँकिंग उघडायला लावलं, "सिक्युरिटीसाठी" स्क्रीन काळी. ओटीपी आला, मी वाचून दाखवला. स्क्रीन परत आली तेव्हा बचत खात्यात ₹१,५६,४३० वाढलेले. मुलगा रडकुंडीला आला: दुसऱ्या ग्राहकाचे पैसे तुमच्याकडे गेले, माझी नोकरी जाईल, तुमचे १८,१९८ ठेवा आणि ₹१,३८,२३२ परत करा. मला त्याची दया आली. लाभार्थी जोडला, आकडा टाकला, आणि मशीन हँग झालं.

लाल दिवा. टकटक. त्या खटाऱ्याला मी आयुष्यात इतक्या शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी त्याने माझी इज्जत राखली. तो सुटेना म्हणून मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं, म्हटलं तिथून पाठवते. मुदत ठेवीच्या जागी शून्य. माझी दीड लाखाची ठेव मोडून, व्याजासकट माझ्याच बचत खात्यात टाकून, तो मला "चुकून आलेले पैसे" म्हणून दाखवत होता. ओटीपीच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मुदतपूर्व ठेव बंद करण्यासाठी. मी सहा आकडे वाचले, आधीचं वाक्य वाचलं नाही. ओटीपीतलं वाक्य वाचा, आकडे नंतर. भिंतीवरचा इंटरनेटचा प्लग उपटला, फोन कट केला. ठेव मोडल्याचं व्याजाचं नुकसान ₹१,३१२. म्हणजे एकूण ₹१९,५१०.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला. यूपीआयचे बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतात, ते आधी हाताशी काढून ठेवा. पण माझे पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. ही व्यवस्था पहिल्या काही तासांसाठी आहे. पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तरच ते गोठवता येतात.

मग सुरू झाली खरी वरात. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, हे सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, एवढ्या रकमेला तुमचं ठाणं. ठाण्यात परत गेले तर म्हणाले, आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करतात, साहेब बंदोबस्ताला आहेत. तपासाचं ते खरं आहे, कायद्यात तसंच आहे. पण म्हणून तक्रार नोंदवायची थांबवा असं कुठे लिहिलंय? हद्दीचं कारण तर १ जुलै २०२४ पासून, नवे फौजदारी कायदे आल्यापासून, चालतच नाही, कोणत्याही ठाण्याने नोंद घ्यायची आहे. मी हे म्हटलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, एवढं माहितीये तर पैसे कसे दिलेत?" आजूबाजूचे चार जण हसले. मग अर्ज हाताने लिहिलेला चालणार नाही, टाइप करून आणा. कशावर टाइप करू? त्याच मशीनवर?

बँक त्याहून थोर. शाखा म्हणते कॉल सेंटर, कॉल सेंटर म्हणतं शाखा. ठेव होती तशी पूर्ववत करा म्हटलं तर "सिस्टममध्ये ऑप्शन नाही". अधिकाऱ्याने मला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ऐकवलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर तोटा ग्राहकाचा. पुढची ओळ त्याने गिळली. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ आणि पोच लेखी घ्या, तोंडी "बघतो" वर उठून येऊ नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलेय, बघू. मला फसवणाऱ्याने निदान प्रत्येक वेळी फोन पहिल्या रिंगला उचलला होता.

मशीनचं म्हणाल तर भाच्याने एका बैठकीत निदान केलं. आधी हार्ड डिस्कची वायर काढली आणि पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू केलं. दोन तास एकदाही हँग नाही. म्हणजे रॅम, पंखा, पॉवर सप्लाय सगळं ठीक, दोष डिस्कचा. डिस्क काढूनही हँग झालं असतं तर रॅमची चाचणी आणि प्रोसेसरवरची धूळ व वाळलेली पेस्ट बघायची होती, असं म्हणाला. मग डिस्क जोडून तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचली: बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे), खोळंबलेले सेक्टर, दोन्ही आकडे फुगलेले. त्याने मला चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, चालवू दिलं नाही. मरत्या डिस्कला आधी राबवायचं नसतं, आधी डेटा काढायचा. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा निघाला, दोन व्यापाऱ्यांच्या जुन्या फायली गेल्या. एसएसडी (फिरती चकती नसलेली नवी डिस्क) बसवली, विंडोज नव्याने टाकलं. रिमोटवाल्याने आत काय ठेवलं असेल ते सगळं त्यात पुसलं गेलं. पासवर्ड मात्र त्याआधीच मोबाइलवरून बदलले होते, त्या मशीनवरून नाही.

जाहिरातीची तक्रार मी तीनदा केली. काल पुन्हा तेच शब्द शोधून पाहिले. सर्वांत वरची ओळ तिथेच आहे, फक्त नंबर बदललाय.