शिरा आंब्याचा की अननसाचा?

एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी तूप, मंद आच. रवा खमंग भाजेपर्यंत दोन्ही शिरे सारखेच. खरा फरक फळ कधी घालायचं, यात आहे.

हापूसचा रस शेवटी. आधी दीड वाटी गरम दुधात रवा फुलवून घ्यायचा, साखर विरघळली की पाऊण वाटी रस घालून एक वाफ काढायची. रस फार शिजला की आंब्याचा वास उडतो. साखर अर्ध्या वाटीने सुरुवात करून चाखत वाढवावी. वेलची मी घालतच नाही. हापूसला कशाला हवी?

अननसाचं उलट. कच्च्या अननसातल्या ब्रोमेलेन या एन्झाइममुळे दूध फाटतं, कडवट लागतं. म्हणून बारीक फोडी साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून घ्यायच्या आणि रवा दुधाऐवजी दोन वाट्या उकळत्या पाण्यात फुलवायचा. रंगाला केशर पुरे. लग्नाच्या पंगतीतला तो भडक पिवळा रंग घरी कशाला?

एप्रिल-मेमध्ये माझं मत आंब्याला. पण डब्यात द्यायचा असेल तर अननसाचाच. गार झाल्यावरही त्याच्या आंबटगोड फोडी मजा आणतात.