१५ रुपयांची ‘हर्बल’ काळी मेहंदी : वर्षभराच्या वापरानंतर

काळ्या मेहंदीच्या पुडीविषयी वाचायला मिळणारे बहुतेक अभिप्राय पहिल्या किंवा दुसऱ्या वापरानंतरचे असतात, आणि त्या टप्प्यावर विचारले असते तर मीही भरभरून कौतुकच केले असते. डोक्याला आणि मिशीला मी ही पुडी वर्षभराहून अधिक काळ लावत होतो. १५ रुपयांत एका वेळचे काम होते. पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची आणि धुऊन टाकायची. सलूनमध्ये एकदा कलप लावून घेण्याचे जे पैसे मोजावे लागतात, त्यांत माझे जवळपास वर्ष निघत असे. रंग काळाभोर येतो, केस फारसे राठ होत नाहीत आणि तीन आठवड्यांत मुळांशी पांढरे डोकावू लागते, पण त्याला कोणताच कलप अपवाद नाही. एवढ्यावर मी डोळे झाकून पाच तारे दिले असते.

दिवाळीच्या तोंडावर लावलेल्या पुडीने हा हिशेब उलटवला. त्या रात्री कानांमागे खाज सुटली. दुसऱ्या दिवशी वरचा ओठ जाड झाला आणि मिशीखालची त्वचा भाजल्यासारखी चुरचुरू लागली. त्यानंतरच्या सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की एक डोळा उघडेना, आणि कपाळावर जिथे केस सुरू होतात त्या रेषेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या येऊन त्यांतून लस वाहू लागली. घरात पहिला संशय आदल्या दिवशीच्या कोळंबीवर गेला, दुसरा नव्या साबणावर. कलपाचे नाव कोणीच घेतले नाही, कारण तो तर वर्षभर सुखाने चालला होता.

त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र चेहऱ्याकडे पाहताच पहिला प्रश्न कलपाचाच विचारला. काळा रंग देणारा जो घटक अशा पुड्यांत असतो, त्याचे नाव पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. त्याची अ‍ॅलर्जी लावल्या लावल्या दिसत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा तो आधी ओळखून ठेवते आणि मग केव्हातरी, कधी कधी अनेक वर्षांच्या बिनतक्रार वापरानंतर, त्यावर उलटते. प्रतिक्रियाही काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत उशिराने उमटते, त्यामुळे माणूस भलत्याच गोष्टीला दोष देत बसतो. कलप लावला डोक्याला आणि सुजले डोळे, असे का, तर पापणीची त्वचा अतिशय पातळ असते म्हणून. अमेरिकेतील कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २००६ साली ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून याच पीपीडीची निवड केली होती, म्हणजे हा काही अनोळखी गुन्हेगार नव्हे.

उपचार साधेच होते : डोके पुन्हा नीट धुणे, काही दिवस क्रमाने कमी करत नेलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, खाजेसाठी गोळी आणि टाळूला लावायचे लोशन. औषधाच्या दुकानातून मनाने क्रीम आणून लावू नका, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्वचेला लावायची अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम असूनही कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला न विचारता एक ट्यूब पुढे केली होतीच. त्वचा पूर्ववत झाल्यावर आणि गोळ्या बंद होऊन काही काळ गेल्यावर पॅच टेस्ट झाली. पाठीवर छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्यांमध्ये निरनिराळे संशयित पदार्थ भरून चिकटपट्टीने बसवतात, ४८ तास पाठ भिजवू देत नाहीत, मग पट्ट्या काढून लगेच आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहतात. व्हॅसलीनसारख्या मलमात केवळ १ टक्का पीपीडी मिसळलेल्या वाटीखाली लालभडक, फुगलेला गोल उमटला. सुगंधी द्रव्ये, निकेल वगैरे बाकीच्या वाट्यांखाली काहीही नव्हते.

येथपर्यंत माझा राग कंपनीवर फारसा नव्हता. एखाद्याच्या शरीराला एखादी वस्तू सोसत नाही, त्याला उत्पादक काय करणार? राग आला तो पुडी पुन्हा हातात घेतल्यावर. दर्शनी बाजूला ‘हर्बल’, त्याखाली आवळा, शिकेकाई आणि माक्याची चित्रे, आणि सर्वांत ठळक अक्षरांत ‘अमोनिया नाही’. कंपनीने पीपीडी लपवले, असेच मी प्रथम लिहिणार होतो. परंतु भिंग घेऊन पाहिल्यावर तो आरोप मागे घ्यावा लागला, कारण नाव छापलेले आहे : मागच्या बाजूला, पुडी जिथे चिकटवली आहे त्या शिवणीच्या आत अर्धे दुमडून, फिक्या हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत. खोटे काहीच नाही, फक्त वाचता येऊ नये याची चोख व्यवस्था आहे. प्रमाण किती ते लिहिलेले नाही. युरोपीय संघात डोक्यावर लावण्यासाठी तयार झालेल्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही; आपल्या पुडीत किती आहे हे ग्राहकाने पाठीवर अनुभवावे.

त्या ‘अमोनिया नाही’चे तर मला अजूनही हसू येते. अमोनिया केसाचे बाह्य आवरण उघडण्यासाठी वापरतात; त्याचा वास उग्र असतो, डोळ्यांत झोंबतो, पण माझ्यासारख्यांना सुजवणारा पदार्थ तो नव्हे. नसलेल्या घटकाची जाहिरात चौथाई पुडीभर आणि असलेल्या घटकाला शिवण! शिवाय हे नाव प्रत्येक ठिकाणी सारखे असतेच असे नाही. कुठे ते १,४-डायअमिनोबेन्झीन असते, कुठे १,४-बेन्झीनडायअमीन, तर कुठे नुसता सी.आय. ७६०६० हा क्रमांक. डॉक्टरांनी ही सगळी नावे एका चिठ्ठीवर लिहून दिली आहेत आणि ती मी पाकिटात ठेवतो.

ग्राहक सेवा केंद्राशी झालेला संवाद मात्र लांबला. “तुम्ही आधी त्वचेवर चाचणी केली होती का?” असे विचारण्यात आले. पहिल्या वेळी केली होती, कोपराच्या आतल्या बाजूला, आणि काही झाले नव्हते. “सर, चाचणी प्रत्येक वापरापूर्वी करायची असते, तसे पुडीवर लिहिले आहे.” ते खरे आहे. केसांच्या कलपांवर असा इशारा, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, छापण्याची अट आपल्याकडच्या नियमांतही आहे. माझ्या पुडीवर मराठीचा मागमूस नव्हता, हा भाग वेगळा. पण हिशेब पाहा : पूड कालवल्याशिवाय चाचणी होत नाही, कालवलेली टिकत नाही आणि उघडलेली पुडी दमट हवेत खराब होते. म्हणजे प्रत्येक वापराला दोन पुड्या आणि ४८ तासांची प्रतीक्षा. १५ रुपयांची वस्तू कंपनीच्याच सूचनेनुसार ३० रुपयांची आहे, आणि हे दर्शनी बाजूला कोणी छापत नाही. चाचणीपुरती चमचाभर पुडी सोबत जोडा, ही माझी मागणी त्यांनी ‘नोंदवून घेतली’. भरपाई म्हणून त्यांनी तपकिरी छटेच्या दोन पुड्या देऊ केल्या. घटकांच्या यादीत पुन्हा पीपीडी. मी नकार दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, लेबलाविषयी तक्रार नोंदवली. त्यानंतर पुडीचे पैसे परत आले, छपाईविषयी उत्तर आलेले नाही.

सध्या दोन टप्प्यांचा उपाय चालू आहे : आधी राजस्थानातल्या सोजतची निव्वळ मेहंदी, ती धुतल्यावर नीळीच्या पानांची पूड. खरी मेहंदी एकटी कधीच काळा रंग देत नाही, ती केशरी-तांबूसच येते, त्यामुळे अर्ध्या तासात काळे करणारी पुडी दिसली की घटकांची यादी काढून वाचावी. नीळ कालवल्यावर लगेच लावावी लागते, वास ओल्या गवताचा येतो, पहिल्या दिवशी केसांवर हिरवट झाक दिसते आणि हवेत ती दीड-दोन दिवसांत गडद होते. पूर्ण सकाळ जाते, उशीचे अभ्रे डागाळतात आणि खर्च आधीच्या चौपट येतो, जो मला दर वेळी टोचतो. मिशीवर हा रंग नीट बसत नाही; ती मी आता पांढरीच ठेवली आहे.

काळ्या पुडीला रंगासाठी चार तारे, किमतीसाठी अडीच, छपाईसाठी शून्य.