फुकटच्या कुडाचं 128 डॉलरचं लायसन्स

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे, तिच्यात एआय मॉडेल बनवायचं पायटॉर्चही फुकट आहे, हे मला माहीत होतं. तरी कुडाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर गणितं चालवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या, नावाखाली माझे 128 डॉलर गेले. म्हणून "एवढंही कळलं नाही का?" असं विचारायच्या आधी पूर्ण वाचा.

नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. विंडोजवर साध्या पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं टूल) पायटॉर्च टाकलं, पण जीपीयू, म्हणजे त्या कार्डची चिप, दिसतोय का विचारलं की उत्तर 'फॉल्स', म्हणजे नाही. सर्च केलं तर सगळ्यात वर 'अधिकृत सहाय्य'. ती जाहिरात होती. 'प्रायोजित' हा शब्द किती बारीक छापतात ते एकदा बघाच.

त्या 'सहाय्या'ला फोन लावला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गोड आवाज, रिमोट अ‍ॅप, स्क्रीन त्याच्या ताब्यात. पण याला विषय येत होता! त्याने एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डची माहिती दाखवणारी कमांड चालवून 'कुडा व्हर्जन' लिहिलेली ओळ दाखवली. "कुडा आहे, अ‍ॅक्टिव्हेट नाहीये." ड्रायव्हरला जास्तीत जास्त कोणती आवृत्ती पेलते, एवढंच ती ओळ सांगते. नव्या माणसाला हे कुठून कळणार? कुडाचे 39 डॉलर, सीयूडीएनएन या न्यूरल नेटवर्कसाठीच्या एनव्हिडियाच्या लायब्ररीच्या 'लाइफटाइम' लायसन्सचे 89. दोन्ही ओटीपी मीच टाकले.

मग माझ्या डोळ्यांदेखत त्याने काय केलं? जुनं पायटॉर्च काढून पायटॉर्चच्याच साइटवरून कुडावालं बिल्ड, म्हणजे जीपीयू वापरणारी आवृत्ती, उतरवलं. साइटचा पत्ता समोर स्क्रीनवर होता. लायसन्स की कुठे टाकलीच नाही. पैसे आत्ताच दिलेले, आणि ती 'की' कुणी विचारतही नाही! कुडा आणि सीयूडीएनएनच्या लायब्ररी त्या फाइलमध्येच येतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. म्हणजे मला विकलेला माल फुकट उतरताना मी बघत बसले होते. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण शेवटी 'ट्रू' आलं. काम झालेलं दिसल्यावर संशय कोण घेतं?

त्याच भरात त्याने विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या तपासणीतून अख्खा सी ड्राइव्ह वगळायला लावला, "नाहीतर लायसन्स उडेल" म्हणे. असं कुणी सांगितलं की तिथल्या तिथे नेट तोडा. रात्री काहीही चालू नसताना पंखे घोंगावायला लागले. जीपीयू 100 टक्के, यादीत अनोळखी प्रोसेस. माझ्या कार्डवर कुणाचं तरी क्रिप्टो मायनिंग! विंडोज पुसून नव्याने टाकलं. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नाही.

बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच दिलात, व्यवहार वैध. पोलीस ठाण्यातला संवाद असा:
"सॉफ्टवेअर चालतंय ना?"
"चालतंय."
"मग तक्रार कशाची, मॅडम?"
फुकटची वस्तू विकली हे लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नाही. पोलिसांनी बँकेकडे पाठवलं. बँक म्हणते, आधी विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हणजे चोराकडेच जाऊन दाद मागा! मायनिंगचं सांगितलं तर "ते टेक्निकल आहे, आमच्याकडे येत नाही". मग कुणाकडे येतं? जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीचं उत्तर तर साच्यातलं: धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. जाहिरात अजून चालू आहे.

पायटॉर्चच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम आणि कुडाची आवृत्ती निवडली की तयार कमांड मिळते. ती चिकटवायची, बस. पैसे मागणारा मधे येतोच कुठे?

आणि कार्ड लगेच ब्लॉक करा. मी बँकेच्या भरवशावर थांबले, तर 'लाइफटाइम' लायसन्सच्या वार्षिक नूतनीकरणासाठी आणखी 89 डॉलर कापायचा प्रयत्न झाला. तेव्हा कुठे ब्लॉक केलं.