आठ महिने डबा लावलाय, त्याबद्दल (कर्वेनगर-कोथरूड भाग, घरगुती डबा)

आधीच सांगते, चवीबद्दल खाली लिहिलंय पण थोडंच, कारण मी हा डबा चवीसाठी लावलाच नव्हता. मला एडीएचडी आहे (लक्ष न टिकण्याचा, कामं सुरू करून पुरी न करता येण्याचा लहानपणापासूनचा त्रास), जोडीला डिप्रेशन, आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात सलग चार दिवस मी चहा आणि पार्ले-जीवर काढले होते. घरात तांदूळ होते, डाळ होती, सिलेंडर भरलेला होता. कुकर सिंकमध्ये होता आणि त्यात मागच्या सोमवारचा भात होता.

आईचं म्हणणं, एकटीचा तर स्वयंपाक, दोन पोळ्या लाटायला असा कितीसा वेळ लागतो गं. नाहीच लागत. पण कुकर लावायचा तर आधी घासायचा, घासायचा तर सिंक रिकामं पाहिजे, सिंकमधली भांडी काढून ठेवायची तर ओट्यावर जागा पाहिजे, ओट्यावर परवा आणलेली भाजीची पिशवी तशीच, ती फ्रीजमध्ये टाकायची तर फ्रीजमधलं सडलेलं आधी काढायला हवं, त्याला कचऱ्याची पिशवी लागणार, त्या संपल्यात, मग पिशव्या मागवायला मी फोन हातात घेते आणि पाऊण तासाने बेडवर आडवी पडून कुणाच्यातरी नव्या फ्लॅटचं इंटिरियर बघत असते, पोटात कावळे ओरडतायत आणि पिशव्या काही मागवलेल्या नाहीत. असं रोज. लोकांना हा आळस वाटतो, मलाही चौतिसाव्या वर्षापर्यंत तोच वाटायचा. डॉक्टरांनी निदान करताना आईकडून शाळेची प्रगतिपुस्तकं मागवून घेतली होती (बारा वर्षांच्या आतही लक्षणं होती का ते बघावं लागतं म्हणे), तर तिसरीपासून सातवीपर्यंत एकच शेरा, शब्द तेवढे बदललेले. हुशार आहे पण धांदरट. हुशार आहे पण वह्या अपूर्ण. मला ते वाचून हसू पण आलं आणि रडू पण.

तर डब्याआधी मी काय काय करून बसले ते सांगते, कारण नाहीतर कुणीतरी तेच सुचवणार.

रविवारी आठवड्याची भाजी चिरून डब्यांत भरून ठेवणे. दोन रविवार जमलं. तिसऱ्या रविवारी भाजीच्या कप्प्यात हात घातला तर कोथिंबिरीच्या जुडीचा हिरवा काढा झालेला आणि काकडी पिशवीतल्या पिशवीत पाणी होऊन गेलेली. जे डोळ्यासमोर नाही ते माझ्यासाठी जगात नसतंच, त्यामुळे फ्रीजचा खालचा कप्पा म्हणजे माझ्या घरातली दफनभूमी.

जेवण मागवायचं ॲप. हे तर फार डेंजर. भूक लागल्यावर मला दोनशे हॉटेलं दाखवली की मी चाळीस मिनिटं वरखाली करते, काहीच ठरत नाही, शेवटी किंमत बघून अपराधी वाटतं आणि ॲप बंद. ठरलंच कधी तर बिर्याणी. एका महिन्यात ६,४०० रुपये गेले आणि त्यात भाजी अशी पोटात गेलीच नाही. वर त्या प्लॅस्टिकच्या डब्यांचा ढीग, ओला सुका वेगळा द्यायचा तर तेलकट डबे पण धुवून द्यायला हवेत ना, कचरा न्यायला येणाऱ्या ताई बिचाऱ्या काही बोलायच्या नाहीत पण मला त्यांच्याकडे बघवेना.

स्वयंपाकाच्या मावशी. सगळे म्हणतात मावशी लाव. लावल्या, चांगल्या होत्या, हाताला चव होती. पण रोज सकाळी सव्वाआठला दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज काय करू?" बास. हे तीन शब्द. बरं नसतं त्या काळात मला सकाळी दात घासायचं ठरवायला पंधरा मिनिटं लागतात, त्यात मी भाजी कुठली ते ठरवायचं, ती घरात असायला हवी, कांदे आहेत का बघायचं, तेल संपत आलंय हे लक्षात ठेवायचं. मी म्हणायचे काहीही करा. त्या म्हणायच्या, अहो ताई काहीही म्हणजे काय. बरोबरच होतं त्यांचं. मग मी बेल वाजली तरी झोपल्याचं नाटक करायला लागले आणि एका महिन्यात त्यांनी दुसरं घर धरलं.

डबा हा प्रश्न विचारत नाही. माझ्यासाठी सगळा मुद्दा हा एवढाच आहे आणि या एका गोष्टीला मी मार्क देतेय. साडेबाराच्या आसपास डबेवाले दादा बेल वाजवतात, डबा दाराच्या कडीला अडकवतात आणि जातात. आत काय आहे ते मला माहीत नसतं आणि मला ते ठरवायचं नसतं. बरं, कडीला अडकवलेला डबा दिसतो, आत आणून टेबलावर ठेवला तरी स्टीलचा चकचकीत दिसत राहतो, वास येतो. फ्रीजच्या कप्प्यासारखा गायब होत नाही.

आता व्यवहार. फुल डबा ११० रुपये, त्यात चार पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा वरण, भात, आणि कोशिंबीर नाहीतर लोणचं. हाफ डबा ८०, त्यात भात-आमटी नाही. मी फुल लावलाय आणि तो दोन वेळा पुरवते, दुपारी पोळीभाजी, रात्री आमटीभात. रविवार बंद. महिन्याचे साधारण २६ डबे म्हणजे २,८६० रुपये, पैसे आगाऊ. खाडा असेल तर आदल्या रात्री १० च्या आत मेसेज टाकायचा, नाहीतर पैसे धरले जातात.

तर हा खाडा. माझ्यासारखीसाठी हा नियम म्हणजे दर महिन्याला ठरलेला दंड समजा. सातारला जाताना एस.टी.त बसल्यावर आठवतं की अरे डबा! तोवर भाजी चिरून झालेली असते. एकदा तीन दिवस गेले आणि कळवलंच नाही, परत आले तर कडीला एकावर एक तीन डबे, खालून मुंग्यांची रांग, आणि वॉचमन काका म्हणाले, ताई आम्हाला वाटलं तुम्हाला काय झालं की काय. त्या महिन्यात पाच डब्यांचे पैसे फुकट गेले. डबा देणाऱ्या काकूंची चूक शून्य, पण हे माहीत असू द्या. आता मी बॅग भरायला काढली की तिच्यावर आधी चिकटपट्टी लावते, "डबा" लिहून. बॅग उघडताना ती फाडावीच लागते. फोनमधले रिमाइंडर मी झोपेतसुद्धा बंद करू शकते, चिकटपट्टी नाही.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. डबा परत द्यायचा असतो. धुवून.

तीन पुडांचा स्टीलचा डबा, रोज एक येतो, आदल्या दिवशीचा परत जातो, म्हणजे प्रत्येकाचे दोन डबे फिरत असतात. पहिले दोन आठवडे मी घासून पुसून दिले. मग मधे वाईट काळ आला, आणि वाईट काळात काय होतं तर एक डबा राहतो, दुसऱ्या दिवशी दोन, काकू बिचाऱ्या जास्तीचे डबे पाठवत राहिल्या, तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघायची भीती वाटायला लागते. सात डबे झाले. कुणी आलं तर दिसू नयेत म्हणून मी ते बाथरूममध्ये बादलीत घालून वर टॉवेल टाकला होता. सात डबे म्हणजे एकवीस पुडं आणि सात झाकणं. कपभर चहा घेऊन मी एका रात्री त्या बादलीसमोर स्टूल टाकून बसले होते, उठून एक उघडायला घेतला तर झाकण निघेना, आमटी आंबून आत हवा धरलेली, शेवटी फुस्स करून निघालं आणि तो वास... असो. बंद केला परत. टॉवेल परत.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मुलाचा फोन. "ताई, आमचे काही डबे आहेत का तुमच्याकडे?" इतकं साधं विचारलं होतं त्याने, आणि मी घशातून आवाज निघत नाही म्हणून फोन कट केला. पैसे भरलेले असून डबा बंद करायचा असं पक्कं ठरवलं होतं, म्हणजे बघा, लाजेपायी माणूस काय करतं, जेवण बंद करायला निघाले होते.

संध्याकाळी काकू स्वतः आल्या. कापडी पिशवी घेऊन, डबे न्यायला. मी दारातच म्हटलं, काकू ते घासलेले नाहीत, मला बरं नसतं, डिप्रेशनची औषधं चालू आहेत. हे मी ऑफिसमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि डबेवाल्या काकूंना दारात उभ्या उभ्या सांगून मोकळी झाले. त्यांना किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी ना खांद्यावर हात ठेवला ना धीर दिला. म्हणाल्या, "अगं मग तसाच दे की खरकटा. फक्त दुसऱ्याच दिवशी दे, वाळलं की आमच्या बायकांना घासायला त्रास होतो. घासायचे वेगळे दीडशे घेईन महिन्याला, चालेल?"

चालेल?! मी हजार दिले असते.

तर आता मी ३,०१० रुपये देते आणि खरकटा डबा दुसऱ्या दिवशी कडीला. फक्त उरलेलं काढून पुडात घोटभर पाणी घालून ठेवते, तेवढं जमतं, बहुतेक वेळा. हे त्यांच्या कार्डावर कुठे छापलेलं नाही, विचारावं लागतं, पण त्या नंतर म्हणाल्या की कोपऱ्यावरचे एकटे राहणारे एक आजोबाही तसेच देतात, त्यांना संधिवात आहे. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आजोबांच्या संधिवाताला कुणी आळस म्हणत नसणार.

घरावर काय परिणाम? सिंकमध्ये आता ताट, वाटी, चहाचं पातेलं एवढंच असतं, त्यामुळे भांडी कधीतरी खरंच घासली जातात. ओटा दिसतो. बाकी कपड्यांची खुर्ची होती तशीच आहे, फरशी महिन्यातून दोनदा पुसली जाते, डब्याने काही जादू होत नाही.

तक्रारी. पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून येतात, लगेच खाल्ल्या तर मऊसूत, पण माझी गंमत अशी की एडीएचडीच्या गोळीने दुपारची भूक मरते, हा त्या औषधाचा अगदी नेहमीचा साइड इफेक्ट आहे, आणि गोळी उतरली की चार-पाच वाजता एकदम राक्षसासारखी भूक लागते. तोवर फॉइलमध्ये घाम सुटून वरची पोळी ओली आणि कडेने वातड. मी आल्या आल्या फॉइल उघडून पोळ्या सुती रुमालात गुंडाळते, फरक पडतो. डॉक्टरांनी गोळीच्या आधी काहीतरी खायला सांगितलंय, नाश्ता डब्यात नाही, तिथे माझं केळं आणि दाणे चालू आहेत.

चव पुणेरी. आमटीत गूळ, भाजीत गूळ, एकदा मला कोशिंबिरीत पण शंका आली. मी साताऱ्याची, मी शेजारी ठेच्याची बाटली ठेवते. मटकीची उसळ उत्तम, भरली वांगी असली तर दिवस चांगला जातो, शेपू ज्यांना आवडतो त्यांना आवडेल. तेल बेताचं, पोट बिघडलं नाही एकदाही. भात कधीकधी गिचका.

रविवार बंद, हे मात्र मला अवघड जातं. रविवारची संध्याकाळ माझी तशीच वाईट असते, त्यात डबा नाही. शनिवारी दोन पोळ्या फ्रीजमध्ये टाकते, समोरच्या फळीवर, दिसतील अशा, आणि रविवारी त्यांची फोडणीची पोळी. एवढंही होत नसेल तर दूधपोळी. आणि जेवणाच्या पलीकडचं वाईट वाटायला लागलं तर १४४१६, तो टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. एका रविवारी केला होता.

कुणी लावावा? रोज वेगळं चमचमीत हवं असेल तर नका लावू, कंटाळाल. दर मंगळवारी जवळपास तेच असतं. मला ते आवडतं, पण मी रोज तेच खाऊ शकणाऱ्यातली आहे. लावायच्या आधी दोन गोष्टी तोंडी विचारून घ्या, खरकटा डबा घेता का आणि खाड्याची वेळ काय. लाजू नका, काकू घाईत असतात त्यामुळे तुमच्याकडे फार बघतही नाहीत.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क गवारीचा कापलाय, काकू, सलग तीन मंगळवार गवार होती.