स्टिफ-लेग की रोमानियन डेडलिफ्ट? कंबर सांभाळून निवडायचं तर

डेडलिफ्ट म्हणजे वजन लावलेला बार, म्हणजे लोखंडी दांडा, हातात धरून वाकणं आणि परत उभं राहणं. लांबून पाहिलं तर तिचे हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि जिममध्ये बरेच जण त्यांना एकाच नावाने ओळखतात. कमरेला मात्र फरक लगेच कळतो.

रोमानियन डेडलिफ्टची सुरुवात उभं राहून होते. गुडघे थोडे सैल ठेवायचे, नितंब मागे ढकलत जायचे, बार मांडीला आणि मग नडगीला जवळजवळ घासत खाली येतो. गुडघ्याच्या जरा खाली, मांडीमागे ताण भरला की परत वर. बार जमिनीला टेकत नाही. रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, याच्यामुळे हे नाव रूढ झालं.

स्टिफ-लेगमध्ये गुडघे जवळजवळ सरळ असतात, नितंब तितके मागे जात नाहीत, आणि बार पायांपासून थोडा पुढे राहून बहुतेक वेळा जमिनीपर्यंत जातो. भरलेली बादली आधी अंगालगत धरा, मग हात पुढे करून धरा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी कंबर लगेच तक्रार करते. म्हणून स्टिफ-लेगला वजन रोमानियनपेक्षा कमीच हवं. आणि 'सरळ' म्हणजे गुडघे मागे ताणून लॉक करणं नव्हे. किंचित वाक राहू द्या.

खरी गोम हॅमस्ट्रिंगमध्ये, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंमध्ये आहे. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. गुडघा सरळ केला की ते आधीच ताणले जातात, त्यामुळे ओटीपोटाचं हाड पुढे झुकताना लवकर अडतं. त्यानंतरही खाली गेलात तर वाकते ती कंबर. सुरुवातीला मी नेमकं हेच करत होतो. प्लेट, म्हणजे बारच्या टोकाला लावलेली वजनाची तबकडी, जमिनीला टेकवायचीच, असा हट्ट. दुसऱ्या दिवशी मांडीमागे काहीच जाणवायचं नाही, कंबर मात्र धरलेली असायची. 'कमरेतून वाक' ही सूचनाच मला नडली. वाकायचं असतं खुब्यातून.

हे जमतं का, ते बार न घेता तपासा. पाठीमागे एक काठी उभी धरा: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. आता गुडघे जवळजवळ सरळ ठेवून हळूहळू वाका. ज्या क्षणी एखादी जागा सुटेल, तीच तुमची आजची खोली. तिथे खाली सोडलेला हात गुडघ्याच्या वरच राहत असेल तर स्टिफ-लेग सध्या बाजूला ठेवा आणि रोमानियन करा.

काठीची परीक्षा पास झालात तरी प्लेटकडे लक्ष असू द्या. 45 सेंटीमीटर व्यासाच्या प्लेट लावल्या की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. हलक्या वजनाला आपण लहान लोखंडी प्लेट लावतो, मग बार आणखी खाली जातो आणि नवशिक्यालाच सगळ्यात जास्त वाकावं लागतं. त्या प्लेटखाली ठोकळे ठेवा, किंवा बार रॅकवरून, म्हणजे तो ठेवायच्या उभ्या स्टँडवरून घ्या आणि आपल्या खोलीपाशी थांबा. बाकावर उभं राहून आणखी खाली जायची जुनी सवय बहुतेकांना गरजेची नाही.

सकाळी उठल्या उठल्या हा व्यायाम नको. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. निदान तासभर हिंडाफिरा, मग बार हातात घ्या.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी रोमानियननेच सुरुवात करावी. वजन वाढवायला वाव आहे आणि चूक झाली तर सावरायला जागा आहे. स्टिफ-लेग त्यांच्यासाठी, ज्यांचा खुबा मोकळा आहे आणि ज्यांना हलक्या वजनात मांडीमागे खोल ताण हवा आहे. आठ-दहा शांत आवर्तनं पुरतात. कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या जात असतील तर दोन्ही थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या काही दिवसांत मोबाइल बाजूने लावून चित्रण करा. पाठ गोल व्हायला लागते ते आवर्तन कितवं, ते मोजा, आणि पुढच्या वेळी त्याच्या दोन आधी थांबा.