सनस्क्रीन, अंगभर कपडे की छत्री: उन्हात भिस्त कशावर ठेवावी?

निवड करण्याआधी एक गुंता सोडवून घ्या. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी. उष्माघात होतो तो शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याने. सनस्क्रीन फक्त पहिल्या गोष्टीवर चालतं. म्हणूनच क्रीम चोपडून भर दुपारी निर्धास्त राबणाऱ्या माणसाची मला फार काळजी वाटते.

सनस्क्रीन नीट लावलं, तर एसपीएफ (क्रीम ऊन किती अडवतं ते सांगणारा डबीवरचा आकडा) ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. फरक अगदी थोडा आहे. खरी गोम आहे ती थराच्या जाडीत. हा आकडा काढताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३० मिली लागतं. आपण मात्र बोटावर वाटाण्याएवढं घेतो आणि तेच कपाळापासून मानेपर्यंत पुरवतो! शिवाय दर दोन तासांनी, आणि घाम आला की त्याआधीही, पुन्हा लावावं लागतं. मी एकदा कानांच्या पाळ्या विसरलो, तर दोन रात्री उशीला कान टेकवता आला नाही.

कपड्यांचं तसं नाही. सकाळी घातलेली पूर्ण बाही संध्याकाळीही तितकंच काम करते. म्हणून बराच वेळ बाहेर राहणाऱ्याने आधी कपड्यांचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. पण कापड पारखून घ्या. ते उजेडासमोर धरा. पलीकडचा हात दिसत असेल तर किरणंही आत येणार. पातळ पांढरा सुती टी-शर्ट म्हणूनच फारसा भरवशाचा नसतो, आणि भिजला की आणखी कमी पडतो. घट्ट विणीचं पण ढगळ शिवलेलं कापड सगळ्यात बरं, कारण आत हवा खेळली की घाम वाळतो आणि अंग निवतं. हवा फार दमट असेल तर घाम नीट वाळत नाही. अशा वेळी कोणताही कपडा उष्णतेपासून वाचवू शकत नाही.

छत्री ऊन अडवते आणि सावलीही देते. मात्र वाळूवरून सुमारे १५ टक्के आणि ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित होतात, त्यामुळे तिथे छत्रीखालीही चेहरा भाजतो.

मग घ्यायचं काय? पायी जाणार असाल तर छत्री. हाताने काम करायचं असेल तर पूर्ण बाह्या आणि रुंद काठाची टोपी. चेहरा, कान, मान आणि पंजे उघडे राहतात, तेवढ्यांना सनस्क्रीन. पोहताना जे अंग उघडं राहतं, त्याला मात्र सनस्क्रीन हवंच, आणि तेही पाण्यात टिकणारं. सहा महिन्यांखालच्या बाळाला शक्यतो क्रीम लावू नका, सावलीतच ठेवा.

आणि उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा भोवळ येऊन पडलं, तर यातलं काहीच शोधत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा, त्याला सावलीत न्या, अंग गार पाण्याने भिजवा आणि ती येईपर्यंत वारा घालत राहा.